नागासाकीत जहाज थांबतं तेव्हा

३१ मे १८९३ रोजी स्वामी विवेकानंद मुंबईहून बोटीनं निघाले. जायचं होतं शिकागोला, पण वाट पूर्वेची होती: कोलंबो, पेनांग, सिंगापूर, हाँगकाँग आणि मग जपान. जपानमधलं पहिलं बंदर नागासाकी. बोट काही तासच थांबणार होती. तेवढ्यात ते उतरले, गाडी करून गावातून फेरफटका मारला आणि परत बोटीवर चढले. पुढे १० जुलैला योकोहामाहून मद्रासच्या शिष्यांना लिहिलेल्या पत्रात त्या फेरीचा उल्लेख आहे. रस्त्यांची स्वच्छता, रुंद सरळ आखणी, चिमुकली घरं आणि मागचे हिरवेगार डोंगर, एवढं त्यांच्या नजरेनं टिपलं. आजच्या क्रूझ प्रवाशाच्या वाट्याला येते ती साधारण हीच नागासाकी, फक्त गाडीच्या जागी ट्राम.

बहुतेक क्रूझ जहाजं इथं सकाळी सात-आठला लागतात आणि संध्याकाळी चार ते सहाच्या दरम्यान सुटतात. सुटण्याआधी अर्धा ते एक तास सगळ्यांनी परत यायचं असतं. सकाळी इमिग्रेशनची रांग असते, आणि जपानमधलं हे पहिलंच बंदर असेल तर ती चांगलीच लांबते. भारतीय पासपोर्ट असेल तर व्हिसाबद्दल काय लागेल ते तिकीट काढतानाच कंपनीकडून लेखी घ्यावं. धक्क्यावर उभं राहून तो वाद घालण्यात अर्थ नसतो. हिशेब केला तर हातात सहा-सात तास उरतात.

‘एवढ्यात काय होणार?’ असं म्हणणारे बरेच भेटतात. क्योतोबद्दल त्यांचं म्हणणं मी मान्य करीन. नागासाकीची गोष्ट वेगळी आहे, कारण हे गाव उभंच राहिलं ते थोड्या मुदतीच्या पाहुण्यांवर. वाऱ्याबरोबर येणारे, नेमून दिलेल्या जागेत राहणारे, वारा फिरला की जाणारे लोक हेच साडेचारशे वर्षं त्याचं चरितार्थाचं साधन होतं. पाहुण्याला कुठवर येऊ द्यायचं आणि कधी बाहेर काढायचं, या एका प्रश्नाभोवती त्याचा इतिहास फिरतो. त्या प्रश्नाच्या खुणा आजही ट्रामच्या एका मार्गावर ओळीनं पाहता येतात.

सोय भूगोलानंही केलेली आहे. खाडी लांबट, अरुंद आणि खोल. दोन्ही बाजूंच्या डोंगरांमुळे वादळी वाऱ्यापासून आडोसा. मोठमोठी जहाजं थेट गावापर्यंत येऊ शकतात. जगातल्या पुष्कळ बंदरांत क्रूझचे प्रवासी कंटेनरांच्या राशींमध्ये उतरतात आणि बसनं बरंच अंतर काटल्यावर कुठं गाव दिसतं. इथं मात्सुगाए टर्मिनलमधून बाहेर पडलं की जवळच ट्रामचा थांबा, आणि एकोणिसाव्या शतकातलं चर्च पायी दहा मिनिटांवर. म्हणून या बंदरात जहाजावर विकली जाणारी महागडी बससहल घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ती चार ठिकाणी उतरवते, फोटोपुरता वेळ देते आणि ठिकाणांमधला संबंध तोडून टाकते.

संबंध आधी सांगतो. सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथं किरकोळ मासेमारीची वस्ती होती. पोर्तुगीज व्यापारी क्यूशू बेटाच्या किनाऱ्यावर भरवशाचं बंदर शोधत होते. ओमुरा सुमितादा या स्थानिक सरदारानं १५६३ साली बाप्तिस्मा घेतला होता. जपानी सरदारांमधला तो पहिला ख्रिस्ती. १५७१ साली त्यानं नागासाकीचं बंदर पोर्तुगीजांसाठी खुलं केलं. या व्यापाराचं एक टोक गोव्यात होतं. मोठं जहाज एप्रिल-मेच्या सुमारास गोव्याहून सुटायचं, मकावला चिनी रेशीम भरायचं आणि पुढच्या नैऋत्य मोसमी वाऱ्यांवर नागासाकी गाठायचं. रेशीम देऊन जपानी चांदी घ्यायची आणि हिवाळ्यात वारा उलटला की परत निघायचं. म्हणजे आपल्याकडे शेतकरी ज्या वाऱ्याची वाट पाहतो, त्याच मोसमी चक्रावर नागासाकीचा बाजार भरत होता.

माणसंही याच वाटेनं गेली. १५८२ साली चार जपानी किशोर नागासाकीहून पोपच्या भेटीला रोमला निघाले. जाताना आणि येताना ते गोव्यात थांबले. परतीच्या मुक्कामात, १५८७ साली, त्यांच्यापैकी हारा मार्तिन्योनं गोव्यात लॅटिन भाषण केलं. ते पुढच्या वर्षी गोव्यातच छापलंही गेलं. १५९० साली ही मंडळी नागासाकीला उतरली तेव्हा त्यांच्या सामानात युरोपीय छापखान्याचं यंत्र होतं.

पण तोवर घरचं वारं फिरलं होतं. सुमितादानं १५८० साली नागासाकीचा ताबाच जेझुइट मिशनऱ्यांकडे दिला होता. जपान एका छत्राखाली आणू पाहणाऱ्या तोयोतोमी हिदेयोशीला हे मानवणं शक्य नव्हतं. १५८७ साली त्यानं मिशनऱ्यांना हद्दपारीचा हुकूम काढला आणि पुढच्या वर्षी बंदर स्वतःच्या ताब्यात घेतलं. व्यापार मात्र हवाच होता. पाहुणा नको पण त्याचं गाठोडं हवं, ही ओढाताण इथून सुरू होते.

आता प्रत्यक्ष फेरी. माझा सल्ला एकच: लांबचं आधी, जवळचं शेवटी. सकाळी ताजेतवाने असताना ट्रामनं थेट उत्तरेला उराकामी खोऱ्यात जावं आणि तिथून जहाजाच्या दिशेनं मागे येत राहावं. दिवसातलं शेवटचं ठिकाण टर्मिनलपासून चालत दहा मिनिटांवर असलं की घड्याळाची भीती उरत नाही. उलट क्रमानं गेलेले लोक दुपारी साडेतीनला ट्रामच्या थांब्यावर घामाघूम होऊन उभे असतात.

ही ट्राम १९१५ पासून चालू आहे. मागच्या दारानं चढायचं, पुढच्या दारानं उतरायचं, आणि पैसे उतरताना द्यायचे. कितीही अंतर जा, दर एकच. टर्मिनलकडून येताना शिन्ची चायनाटाऊनला गाडी बदलावी लागते. तिथं चालकाकडून बदलीची चिठ्ठी घेतली की दुसऱ्यांदा पैसे पडत नाहीत. अर्ध्या तासात आपण ‘पीस पार्क’ थांब्यावर असतो.

नागासाकी दोन खोऱ्यांत विभागलेली आहे, आणि मधल्या डोंगराची रांग नीट पाहून घ्यावी. ९ ऑगस्ट १९४५ रोजी अमेरिकी विमान खरं तर कोकुरा या शहरावर बॉम्ब टाकायला निघालं होतं. तिथं धूर आणि ढगांमुळे लक्ष्य दिसेना, म्हणून ते नागासाकीकडे वळलं. इथंही ढग होते. नेम धरायचा होता जुन्या शहराच्या मध्यावर, नाकाशिमा नदीच्या पुलांच्या भागात. बॉम्ब प्रत्यक्षात पडला तिथून सुमारे ३ किलोमीटर वायव्येला, उराकामीवर. सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी, जमिनीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर तो फुटला. डोंगरांनी स्फोटाचा बराच मारा अडवला. दुपारी आपण जे जुनं शहर पाहणार आहोत, ते उभं राहिलं ते या ढगांमुळे आणि डोंगरांमुळे. उराकामी मात्र बेचिराख झाली. त्या वर्षअखेरपर्यंत सुमारे ७४,००० माणसं गेली.

स्फोटाच्या बरोबर खालच्या जागी काळ्या दगडाचा एक साधा स्तंभ आहे आणि शेजारी उराकामी कॅथेड्रलच्या भिंतीचा उरलेला तुकडा. जवळच्या शांतता उद्यानात सेइबो किटामुरा यांनी घडवलेला ९.७ मीटर उंचीचा पुतळा आहे. उजवा हात आकाशातल्या धोक्याकडे, डावा आडवा, शांततेसाठी. तमाम फोटो त्याचेच निघतात. मला तो धिप्पाड पुतळा फारसा पटत नाही. स्तंभाजवळ जास्त वेळ काढावा. अणुबॉम्ब संग्रहालयाला किमान सव्वा तास द्यावा आणि सोबत लहान मुलं असतील तर आधी विचार करावा. बॉम्बपीडितांची ‘निहोन हिदानक्यो’ ही संघटना १९५६ साली याच शहरात स्थापन झाली. २०२४ चं शांततेचं नोबेल तिला मिळालं.

टेकडीवरचं कॅथेड्रल १९५९ साली पुन्हा बांधलेलं आहे. जुन्या इमारतीच्या घंटाघराचा घुमट स्फोटात कोसळून खाली घरंगळला, तो तिथंच उतारावर ठेवलाय. दोन घंटांपैकी एक ढिगाऱ्यातून शाबूत निघाली. दुसरीची जागा ऐंशी वर्षं रिकामी होती; अमेरिकेतल्या कॅथलिकांच्या देणगीतून नवी घंटा घडवली गेली आणि २०२५ च्या ९ ऑगस्टला दोन्ही एकत्र वाजल्या. हे चर्च ज्या समाजाचं, त्याची कहाणी अजून अर्धीच सांगितली आहे. उरलेली टर्मिनलजवळच्या ओउराच्या चर्चमध्ये येईल.

परतीच्या ट्राममधून नागासाकी स्टेशनला उतरावं. तिथून पाच मिनिटांच्या चढावर निशिझाका नावाची लहानशी टेकडी आहे. क्रूझच्या सहलींत ती क्वचितच असते, पण मराठी माणसानं ती चुकवू नये.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारण्यात आलं. वीस जपानी, चार स्पॅनिश, एक मेक्सिकोचा आणि एक वसईचा. वसईच्या माणसाचं नाव गोन्सालो गार्सिया. वडील पोर्तुगीज, आई वसईची. जन्म १५५६-५७ च्या सुमाराचा, म्हणजे वसईत पोर्तुगीजांचा अंमल बसून वीसेक वर्षं झाली होती. विशीच्या आतच एका जेझुइट पाद्र्याबरोबर ते जपानला गेले, भाषा शिकले, धर्मशिक्षणाचं काम केलं. जेझुइट संघात मात्र त्यांना प्रवेश मिळाला नाही. मग ते व्यापारात शिरले. पुढे मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले. १५९३ साली स्पॅनिश फ्रान्सिस्कनांचं शिष्टमंडळ मनिलाहून हिदेयोशीकडे गेलं, तेव्हा दुभाषा म्हणून त्यांनाच नेलं गेलं. जपानी उत्तम येणारा दुसरा माणूस त्या गटात नव्हता.

ठिणगी पडली १५९६ साली. मनिलाहून मेक्सिकोला निघालेलं ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश गलबत वादळानं शिकोकू बेटाच्या किनाऱ्याला लागलं आणि हिदेयोशीच्या माणसांनी माल जप्त केला. त्या भांडणात जहाजावरचा एक सुकाणूकार बोलून गेला, की आमच्याकडे आधी पाद्री जातात, मागून सैन्य जातं, अशी कथा सांगतात. तो खरंच तसं बोलला का यावर इतिहासकारांचं एकमत नाही; पण हिदेयोशीच्या मनातल्या संशयाला तेवढं निमित्त पुरेसं होतं. धरपकड झाली. क्योतोत कैद्यांच्या कानाची पाळी कापण्यात आली आणि ऐन थंडीत, सुमारे महिनाभर, त्यांना रस्त्यानं नागासाकीपर्यंत चालवत नेलं. शिक्षा नागासाकीतच द्यायची, कारण ख्रिस्ती वस्ती सर्वांत दाट इथं होती आणि दहशत इथंच बसायला हवी होती. सर्वांत लहान कैदी, लुई इबाराकी, बारा वर्षांचा होता.

आज तिथं यासुताके फुनाकोशी यांचं १९६२ सालचं शिल्प आहे. ब्राँझच्या सव्वीस आकृती एका रांगेत, पाय खाली लोंबलेले, जमिनीला न टेकलेले. शांतता उद्यानातल्या पुतळ्यात जे मला सापडत नाही ते इथं सापडतं. मागच्या संग्रहालयाची आणि समोरच्या चर्चची रचना केंजी इमाई यांची. बार्सेलोनाच्या गाउदी या वास्तुकारावर त्यांचं प्रेम होतं, ते चर्चच्या मनोऱ्यांवरून कुणालाही कळावं.

शिल्पाचं साल योगायोगाचं नाही. त्याआधी बरोबर शंभर वर्षं, १८६२ साली, या सव्वीस जणांना पोप नवव्या पायसनं संत घोषित केलं. भारतात जन्मलेली व्यक्ती कॅथलिक संत होण्याचं हे पहिलं उदाहरण मानलं जातं. वसई तालुक्यात गासचं चर्च त्यांच्या नावाचं आहे, वसईतलं एक महाविद्यालयही. नालासोपारा-वसईच्या लोकलमध्ये हे नाव रोज हजारो लोकांच्या कानावर पडत असेल. त्या नावाचा शेवट कुठल्या टेकडीवर झाला हे मात्र वसईबाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं.

इथून पुन्हा ट्राम, आणि ‘देजिमा’ थांबा. १६१४ साली ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. आता पोर्तुगीज व्यापाऱ्यांना गावात मोकळं फिरू देणं शक्य नव्हतं. शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाच्या, हुकमावरून नागासाकीच्या पंचवीस व्यापाऱ्यांनी पदरचे पैसे घालून समुद्रात भर टाकली आणि १६३६ साली उघडलेल्या हातपंख्याच्या आकाराचं एक कृत्रिम बेट तयार केलं. क्षेत्रफळ जेमतेम दीड हेक्टर, म्हणजे पावणेचार एकर. तिथं पोर्तुगीजांना कोंडलं. पण शिमाबाराच्या ख्रिस्ती शेतकऱ्यांच्या उठावानंतर, १६३९ साली, त्यांना देशातूनच हाकललं आणि बेट ओस पडलं. व्यापाऱ्यांचं भाडं बुडालं. १६४१ साली हिरादोहून डचांना उचलून त्या बेटावर आणून बसवलं, आणि ते १८५९ पर्यंत तिथंच राहिले.

दोनशेहून अधिक वर्षं युरोपशी जपानचा अधिकृत व्यवहार या पावणेचार एकरांतून चालला. बेटावर एरवी दहा-पंधरा डच माणसं असायची. गावाकडे जायला एकच पूल, त्यावर पहारा. दुभाषे, अधिकारी, नोकर आणि मारुयामा वस्तीतल्या वेश्या एवढ्यांनाच आत प्रवेश. डच ख्रिस्तीच होते, पण धर्म सांगत फिरण्यापेक्षा हिशेबाच्या वह्या नीट ठेवण्यात त्यांना रस होता; शोगुनला नेमका असाच पाहुणा हवा होता. उन्हाळ्यात बताव्हियाहून, म्हणजे आजच्या जकार्ताहून, जहाजं यायची आणि शरद ऋतूत परत जायची. उरलेल्या महिन्यांत ही माणसं काय करत असतील? बिलियर्ड आणि बॅडमिंटन खेळत. जपानमध्ये हे खेळ पहिल्यांदा खेळले गेले ते इथं, असं सांगणारे दगड बेटावर आहेत.

देजिमाच्या गोदामांत हिंदुस्थान बराच होता. बंगालचं रेशीम, गुजरात आणि कोरोमंडलचं छापील सुती कापड इथं उतरायचं. त्या छिटाच्या तुकड्यांच्या पिशव्या शिवून जपानी रसिक चहाची मौल्यवान भांडी त्यांत ठेवत. उलट दिशेनं जपानी तांबं डच जहाजांतून सुरत, कोरोमंडल आणि बंगालच्या बाजारात यायचं. साखर तर इतकी उतरायची, की नागासाकीहून निघणाऱ्या हमरस्त्यावरची गावं आजही मिठाईसाठी नावाजलेली आहेत.

मालाइतकीच महत्त्वाची होती बातमी. प्रत्येक डच जहाजानं जगाच्या घडामोडींचा अहवाल द्यायचा आणि दुभाष्यांनी तो भाषांतर करून एदोला, म्हणजे टोकियोला पाठवायचा, असा नियमच होता. १८५३ साली अमेरिकेचा कमोडोर पेरी युद्धनौका घेऊन आला तेव्हा जपान गाफील होता असं आपण वाचतो. शोगुनच्या दरबाराला आदल्याच वर्षी देजिमावरून तशी खबर मिळाली होती. वैद्यकही याच फटीतून आत गेलं. १८२३ साली देजिमावर रुजू झालेल्या सीबोल्ड या जर्मन डॉक्टरला बेटाबाहेर शाळा काढायची परवानगी मिळाली आणि देशभरातून तरुण वैद्य त्याच्याकडे शिकायला आले. पुढे त्याच्याकडे जपानचे नकाशे सापडले, हेरगिरीचा आळ आला, १८२९ साली त्याला हद्दपार केलं. त्याची नागासाकीत राहिलेली मुलगी कुसुमोतो इने पाश्चात्त्य वैद्यक शिकून डॉक्टर झाली. जपानमधल्या अगदी पहिल्या स्त्री-डॉक्टरांपैकी ती एक.

आज देजिमा बेट राहिलेलं नाही. बंदर वाढवताना चोहोबाजूंनी भर पडली आणि ते शहरात बुडालं. गेली काही दशकं महापालिका एकेक इमारत जुन्या चित्रांवरून आणि उत्खननावरून पुन्हा उभी करते आहे. २०१७ साली कालव्यावरचा पूल नव्यानं बांधला. त्या पुलावरूनच आत जावं, रस्त्याच्या बाजूच्या दारानं नाही; एक पूल म्हणजे काय हे तेव्हाच उमगतं.

चिनी व्यापाऱ्यांची कहाणी समांतर चालते. त्यांनाही १६८९ पासून वेगळ्या कुंपणात ठेवलं होतं. त्यांच्यापैकीच एका जहाजातून १७२८ साली शोगुनसाठी व्हिएतनामहून हत्तींची जोडी आली. हत्तीण नागासाकीतच मेली, हत्ती मात्र पुढच्या वर्षी पायी एदोपर्यंत गेला. वेळ असेल तर देजिमाहून पायी मेगानेबाशी हा १६३४ सालचा दुहेरी कमानींचा दगडी पूल पाहून यावा. तो चिनी भिक्षूनं बांधवलेला. नसेल तर सोडून द्यावा.

जेवणात इथली खासियत चाम्पोन: जाड नूडल्स, भाज्या, डुकराचं मांस आणि समुद्री जिन्नस एकाच वाडग्यात. फुजियानहून आलेल्या छेन पिंगशुन यांनी १८९९ साली सुरू केलेलं ‘शिकाइरो’ हे उपाहारगृह त्याचं मूळ ठिकाण मानतात, आणि ते टर्मिनलच्या जवळच आहे. रांग लांब दिसली तर शिन्चीच्या चायनाटाऊनमध्ये खावं. शाकाहारी मंडळींनी भाबडेपणा करू नये. मांस काढून दिलं तरी रस्सा हाडांचाच असतो. बरोबर दशम्या बाळगाव्यात. कासुतेरा हा पोर्तुगीजांकडून आलेला केक पोटभरीचा, पण त्यात अंडी भरपूर. ‘फुकुसाया’ हे दुकान १६२४ पासून तो करतंय.

शेवटचा टप्पा ओउरा. १८५९ साली बंदर पुन्हा खुलं झालं आणि परदेशी लोक या टेकडीवर राहू लागले. त्यांच्यासाठी फ्रेंच पाद्र्यांनी बांधलेलं ओउरा चर्च १८६५ च्या फेब्रुवारीत सुरू झालं. ते अर्पण केलं होतं निशिझाकाच्या सव्वीस हुतात्म्यांना, म्हणजे वसईच्या गोन्सालो गार्सियांनाही. चर्चचं तोंडही त्या टेकडीकडे आहे. जपानी लोकांना ख्रिस्ती होण्याची बंदी अजून कायम होती.

महिनाभरानं, १७ मार्चला, उराकामीहून आलेल्या शेतकऱ्यांचा घोळका चर्चच्या दारात उभा राहिला. त्यातल्या एका बाईनं फादर पेतीजाँ यांच्या कानाशी येऊन सांगितलं, की आमचं मन तुमच्यासारखंच आहे, आणि मारियामातेची मूर्ती कुठं आहे ते विचारलं. पाद्री नाहीत, चर्च नाही, ग्रंथ नाहीत. पकडलं तर मरण. अशा स्थितीत सात-आठ पिढ्या या लोकांनी प्रार्थना तोंडपाठ करून, कान्नोन देवतेच्या मूर्तीत मारियामाता पाहून धर्म टिकवला होता. उघड झाल्याची किंमत त्यांना लवकरच मोजावी लागली. उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांना देशभर हद्दपार करण्यात आलं. १८७३ साली बंदी उठली. परतलेल्यांनी उपाशीपोटी पैसा साठवून उराकामीत कॅथेड्रल बांधलं. सकाळी आपण ज्याचा घुमट उतारावर पाहिला ते हेच, आणि १९४५ च्या बॉम्बखाली सापडला तोही हाच समाज. सकाळी आधी उराकामीला जा म्हणतो त्याचं खरं कारण हे आहे. ओउराच्या दारात उभं राहिल्यावर पुढचं काय झालं ते आपल्याला आधीच ठाऊक असतं.

शेजारच्या ग्लोव्हर बागेला तासाभराहून जास्त देऊ नये. इशिबाशी ट्राम थांब्याजवळून एक तिरकी सार्वजनिक लिफ्ट फुकट वर नेते. वरून शिरावं आणि उतरत खाली यावं, गुडघे दुवा देतील. स्कॉटलंडचा थॉमस ग्लोव्हर एकविसाव्या वर्षी इथं आला, चहा विकला, शोगुनविरोधी सरदारांना बंदुका आणि जहाजं विकली, कोळशाच्या खाणीत पैसा घातला आणि १८७० साली दिवाळखोर झाला. १८६३ सालचं त्याचं घर जपानमधलं सर्वांत जुनं पाश्चात्त्य धाटणीचं लाकडी घर. पुच्चिनीच्या ‘मादाम बटरफ्लाय’ची नायिका नागासाकीची, म्हणून लोक तिचा या घराशी संबंध जोडतात; त्याला आधार नाही. हाशिमा या ओसाड खाणबेटाची बोटसहल थांब्याच्या दिवशी टाळावी. ती अर्धा दिवस खाते आणि लाटा असतील तर बेटावर उतरवत नाहीत.

ग्लोव्हरच्या ओसरीतून समोर मित्सुबिशीचा कारखाना दिसतो. इथं ‘मुसाशी’ ही महाकाय युद्धनौका बांधली जात होती तेव्हा ती दिसू नये म्हणून माडाच्या जातीच्या झाडाच्या दोरखंडांचे पडदे टांगले होते, आणि या किनाऱ्यावरच्या परदेशी वकिलातींपुढे नजर अडवायला गोदाम उभारलं होतं. याच धक्क्यावर पुढे प्रवासी जहाजं बनली. २००२ साली ‘डायमंड प्रिन्सेस’ हे क्रूझ जहाज बांधकाम चालू असतानाच पेटलं. तेव्हा शेजारच्या अर्धवट जुळ्या जहाजाला तिचं नाव दिलं आणि जळलेली दुरुस्त होऊन ‘सफायर प्रिन्सेस’ झाली. जपानभोवती फिरणाऱ्या ‘डायमंड प्रिन्सेस’वरून कुणी इथं उतरत असेल, तर त्याचं जहाज माहेरी आलेलं असतं.

त्याच आवारात १९०९ साली स्कॉटलंडहून आणलेली १५० टनांची क्रेन आहे. ती बॉम्बमधून वाचली, २०१५ साली जागतिक वारसा यादीत गेली आणि अजून काम करते. कारखाना चालू असल्यानं पर्यटकांना तिच्याजवळ जाऊ देत नाहीत. जहाज सुटून खाडीच्या तोंडाकडे निघालं की ती उजव्या बाजूला येते, आणि हिरवी-करडी प्रचंड क्रेन तिथून जितकी नीट दिसते तितकी शहरातल्या कुठल्याही रस्त्यावरून दिसत नाही.